वांग्याच्या औषधाचा कागद

मूर्तिजापूरच्या बाजारात मनकर्णाबाईच्या वांग्यांना कोणी नाक मुरडलं, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. घरातही तोच कारभार. कोणत्या वाफ्याला पाणी, कोणती भाजी कधी तोडायची, हे तिनं सांगायचं आणि बाकीच्यांनी टोपली उचलायची. या वर्षी मात्र घरात एक नवाच सासरा येऊन बसला होता. कागद.

वांग्यावर अळी पडली म्हणून तिच्या गोपालनं औषध फवारलं. डब्यासोबत घडी घातलेला कागद होता. गोपालच्या बायकोनं, रागिणीनं, तो वाचला आणि म्हणाली, "उद्या वांगे तोडाचे नाईत. कागदावर लिवलं हाये."

उद्या तर बाजार!

"काहून? वांग्याईले सुतक लागलं काय?" मनकर्णाबाई कडाडली.

गोपालनं मान खाजवली. "माय, कागदात असन तं थांबू ना."

आजवर या पोरानं तिचा शब्द खाली पडू दिला नव्हता. तिच्या मनात एकच किडा वळवळू लागला. कागद खरंच तसं म्हणतो, की ही बाई पदरचं घालून वाचते? दुसरीपर्यंत मनकर्णाबाईही शिकली होती. दुपारी सगळे आडवे झाले तसा कागद घेऊन ती कडुनिंबाखाली बसली.

"प्र-ती-क्षा का-ला-व-धी." पुन्हा वाचलं. अक्षर एकही निसटलं नाही आणि हाती काहीच लागलं नाही. आपण वाचलं की नाही वाचलं, हेच तिला कळेना.

अमरावतीला क्लास करणारी नात, अपेक्षा, सुट्टीवर आली होती. "आजी, काय करून राह्यली?"

"डोये फोडून राह्यली. कोन लिवते व हे? याची माय घरी मराठी बोलत नवती काय?"

अपेक्षा हसली. "आमाले क्लासमधे शिकवते ना, आधी मथळा पाहाचा, मंग जाड अक्षरं. अन् एखादा शब्द नाई समजला तं त्याच्या आजूबाजूचे शब्द वाचाचे. तेच सांगते तो कसा हाये तं."

हे मनकर्णाबाईला झटकन पटलं. सोयरिकीत हेच तर करतात. पोरीची चौकशी पोरीच्या घरी नाही, शेजारी चहा पीत करायची. तिनं शेजारचे शब्द गाठले. 'संपेपर्यंत', 'तोडणी', 'टाळावी'. सगळे एका सुरात बोलत होते आणि तिथंच तिला खटकलं. सगळे शेजारी एकसारखे बोलले की समजायचं, पढवून ठेवलेत.

"तोडाले हरकत नाई," तिनं निकाल दिला.

"आजी! तोडणी टाळावी म्हंजे तोडू नका."

"ते समजलं मले. पन इतकं दडपून सांगून राह्यले म्हंजे काईतरी लपवून राह्यले."

"कागदाले काय लपवाचं असन? त्याले कुठं पोरगी खपवाची हाये?"

मनकर्णाबाईनं कागद पुन्हा पुढ्यात ओढला. खरंच, कागदाला काय पडलं होतं? बोट ठेवून ती पुढं सरकली. 'लगेच तोडलेली फळे खाणाऱ्यास विषबाधा होऊ शकते.' विष हा शब्द कोणाला विचारावा लागला नाही.

म्हणजे रागिणीनं पदरचं काहीच घातलं नव्हतं. उलट, खरं कारणच गाळलं होतं. नुसतं 'लिवलं हाये'! विष म्हणाली असती तर मनकर्णाबाईनं स्वतःच टोपल्या पालथ्या घातल्या असत्या. आता सुनेवर चिडावं की स्वतःवर, काही उमगेना.

संध्याकाळी ती म्हणाली, "उद्या वांगे तोडाचे नाईत."

"रागिणीनं सकायीच सांगतलं ते," गोपाल म्हणाला.

"तिनं सांगतलं ते तिचं. मी सांगून राह्यली ते माह्यं. त्याच्यात विष हाये."

रागिणी गोंधळली. "आत्याबाई, एकच झालं ना मंग ते?"

एकच? हुकूम कागदाचा, तोंड सुनेचं, आणि आता आपलंही. पोरगा नेमकं कोणाचं ऐकतोय, हा गुंता मनकर्णाबाईला सुटेना. तिघंही आपल्याकडेच पाहताहेत, एवढं मात्र दिसलं.

"पाहून काय राह्यले? मेथी हाये ना! तिच्यावर कुठं फवारलं? जुड्या बांधा."

गोपाल उठला. मागोमाग रागिणीही उठली, कागद हातात घेऊनच.