वेचलेले दगड

"साफ केलं बघ सगळं," म्हणून हा माणूस फावडं टेकून उभा. तोंडावर आनंद मावत नव्हता. मी डोक्यावरचं जेवण खाली ठेवलं, समोर बघितलं.

"अहो, दगड कुठं गेले?"

"कुठले दगड?"

"तुमच्या आईच्या उशाचा. आजोबांच्या उशाचा. आपल्या ठकीच्या उशाचा."

त्यानं सावकाश बांधाकडे मान वळवली. बांधावर ढीग पडला होता.

लग्न होऊन आल्यापासून बघते, पायाखाली दगड आला की या माणसाचा हात आपोआप खाली जातो. उचलायचा आणि बांधावर टाकायचा. सगळं शेत त्यानं असंच मऊ केलंय. पण इथं आमच्या घराण्याची थडगी होती. नावं कोरायची ऐपत कुणाची नव्हती, उशाला एकेक दगड, एवढीच खूण. बाकी काट्याचं रान माजलं होतं, कुणी फिरकत नव्हतं. मग तलावाचं काम निघालं आणि मोजणीवाला सांगून गेला, "खुणा दाखवाल ती थडगी उकरून वरच्या माळावर नेऊ. खूण नाही ते पाण्याखाली जाईल." तो उद्या यायचा होता. मी तापानं अंथरुणात पडले होते, तेवढ्यात थडगी नीट दिसावीत म्हणून ह्यानं एकट्यानं रान तोडलं, मुळं उपटली, दगड वेचले आणि वर जमीन पेरणीला करतात तशी सारखी केली.

"लावू की परत," तो म्हणाला.

ढिगातून दगड ओळखू आले. सासूबाईंच्या पाट्याचा झिजलेला तुकडा. आजोबांचा विहिरीच्या काठाचा, दोराच्या घळी पडलेला. त्या जागा ह्यानं नीट दाखवल्या, आईचा खड्डा त्यानं स्वतः खणला होता. शेवटी माझा पांढरा गोटा सापडला. नदीतून मीच आणला होता.

"हा कुठं?" त्यानं विचारलं.

"काटेरी झाडाच्या बुंध्याशी."

"झाड... तोडलं गं."

"ते दिसतंय मला. बुंधा कुठं होता तेवढं सांगा."

"सगळीच झाडं तोडली. आता कसं सांगू?"

"तुम्ही काय सांगणार म्हणा. पोरीला पुरलं तेव्हा तुम्ही होतात का इथं? भट्टीवर विटा थापत बसला होतात."

बोलायला नको होतं. निरोप मिळून तो येईपर्यंत सगळं उरकलं होतं, त्यात त्याचा काय दोष. पण तोंडाला लगाम राहिला नाही. मी पहार घेऊन दिवसभर जमीन टोचत फिरले. एखादं मूळ लागेल, बुंध्याचा खड्डा लागेल. सगळीकडे एकसारखी भुसभुशीत माती. शेवटी बसले आणि गळा काढून रडले.

मग उठून पांढरा गोटा सासूबाईंच्या शेजारी रोवला. हयातभर त्या बाईचं नि माझं पटलं नाही. पण ठकीला तिच्या कुशीशिवाय झोप यायची नाही.

सकाळी मोजणीवाला दोन खोदणारे घेऊन आला. एकेका दगडावर रंगानं आकडा घातला, फोटो काढले, कोण कोण ते लिहून घेतलं.

"इथं कोण?"

"माझी मुलगी."

"खात्री आहे ना, बाई?"

"पोटची पोर आहे, साहेब. विसरेन कशी?"

सासूबाई निघाल्या, आजोबा निघाले. पांढऱ्या गोट्याखाली खोदणारा कमरेएवढा उतरला आणि थांबला. "साहेब, इथं काही नाही. कोरी जमीन आहे ही."

मोजणीवाल्यानं माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात हा माणूस खड्ड्यात उतरला. खालची माती चिमटीत घेऊन चोळली. कोरी माती त्याला कळत नाही असं नाही, सगळा जन्म मातीतच गेलाय.

"लहान पोर होती, साहेब," तो म्हणाला. "लहानांचं काय उरतंय? हीच माती न्यायची."

अंगातला सदरा काढून त्यानं त्यात माती भरली. मोजणीवाल्यानं पेन खिशात ठेवलं. वरच्या माळावर सासूबाईंच्या शेजारी ती माती पुरली आणि वर पांढरा गोटा ठेवला.

तलाव भरला. तो माळावर जातो, गोट्यापाशी बसतो. मी पाण्याच्या काठाला जाते. माझी पोर पाण्याखाली आहे, हे मलाही ठाऊक आहे आणि त्यालाही. कोण कुठं जातं ते आम्ही एकमेकांना विचारत नाही.

यंदा उरलेलं शेत नांगरताना फाळ दगडावर खाडकन आपटला. मी बांधावर उभी होते. त्यानं बैल थांबवले, वाकला, दगडावरची माती हातानं पुसली. बराच वेळ बघत राहिला. मग नांगर उचलून बाजूनं घेतला. दगड तिथंच आहे.