महाराणीचे पहिले हजार किलोमीटर

त्या घरात प्रत्येकाला टोपणनाव होतं आणि नावं ठेवायचा मक्ता सासऱ्यांकडे होता. सासूबाई म्हणजे हायकोर्ट, कारण त्यांच्या निकालावर अपील नसे. मुलगा म्हणजे उद्या, कारण कुठलंही काम सांगितलं की त्याचं उत्तर ठरलेलं. रात्रंदिवस घरघरणारा फ्रिज आजोबा होता. दोन महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेल्या सुनेला मात्र अजून नाव मिळालं नव्हतं. ती नुसती 'सूनबाई' होती, आणि तिच्याशी बोलताना सासऱ्यांचा सूर दुकानात आलेल्या मोठ्या गिऱ्हाइकाशी बोलतानाचा असे. "बसा ना. पंखा लावू का?"

सासऱ्यांची उभी हयात बुटांच्या दुकानात गेली होती आणि त्यातून त्यांचं एक तत्त्वज्ञान तयार झालं होतं. नव्या वस्तूवर एकदम जोर करायचा नाही. "नवा बूट आधी घरात घाला," ते गिऱ्हाइकाला सांगत, "मोजे घालून, संध्याकाळी अर्धा तास. तो तुम्हाला ओळखू लागला की मग रस्ता दाखवा." हाच नियम त्यांनी सुनेला लावला होता. तिला काम सांगायचं नाही, रागवायचं नाही, तिची थट्टा करायची नाही. ती स्वतःचा चहाचा कप विसळायला उठली की तिघंही एकदम धावत आणि कप तिच्या हातून काढून घेत.

तिला हे सुख टोचत होतं. तिचे वडील लोकांचं फर्निचर टेम्पोतून पोचवायचे, आणि तीही त्यांच्याबरोबर टेम्पो चालवायची. माहेरी चारदा 'ए धांदरट!' ऐकल्याशिवाय तिचा दिवस मावळत नसे. इथे परवा तिच्या हातून काचेचा जग फुटला, तर हायकोर्ट हसून म्हणाल्या, "असू दे, जुनाच होता." तो जग नवा कोरा होता. त्या रात्री तिला रडू आलं. आपण या घरात पाहुणी म्हणूनच राहणार, अशी तिला भीती वाटू लागली होती.

त्यात गाडी आली. आयुष्यातली पहिली नवी गाडी, फिकट निळी, सीटवरचं प्लॅस्टिक तसंच. आणि तिसऱ्याच दिवशी सासऱ्यांनी गाडीला नाव देऊन टाकलं. महाराणी!

सून आतून चांगलीच चडफडली. तिच्या मागून आलेल्या पत्र्याला नाव मिळालं होतं.

शोरूममधल्या माणसाने सांगितलं होतं, पहिले हजार किलोमीटर इंजिनाला जपा, फार पळवू नका, फार ओझं लादू नका. सासऱ्यांनी ते इतकं मनावर घेतलं की डिकीतली छत्रीसुद्धा काढून घरात ठेवली. हायकोर्टना बाजारात नेताना ते गाडीतून नेत, पण येताना भाजीच्या पिशव्यांचं वजन नको म्हणून त्यांना पायी पाठवत. यावर घरात बराच काळ खटला चालला. रस्त्यावर सायकलवाले महाराणीच्या पुढे जाताना वळून बघत, दुधाची गाडी मागून हॉर्न वाजवून वाजवून थके. सासरे ढिम्म. वर ते गाडी लवकरात लवकर चौथ्या गिअरमध्ये टाकत, कारण इंजिन जितकं कमी फिरेल तितकं कमी झिजेल, असा त्यांचा हिशेब होता.

सून शेजारी बसलेली असली की तिला इंजिनाचं कण्हणं ऐकू येई. एवढ्या हळू वेगाला चौथा गिअर म्हणजे जपणं नव्हे, छळ होता. नव्या इंजिनाला मधूनमधून मोकळा श्वास घेऊ द्यावा लागतो, हे तिला टेम्पोने शिकवलं होतं. पण पाहुण्याने यजमानाच्या चुका काढायच्या नसतात. ती मूग गिळून खिडकीबाहेर बघत बसे.

एके सकाळी मुलाची, म्हणजे उद्याची, नोकरीची मुलाखत होती, शेजारच्या शहरात. त्यासाठी दुकानातले उत्तम काळे बूट निवडले होते. वडिलांच्या नियमाप्रमाणे त्याने ते रोज संध्याकाळी घरातल्या घरात घातले होते आणि धूळ लागू नये म्हणून रोज परत खोक्यात ठेवले होते. त्या सकाळीही त्याने ते सवयीने खोक्यात ठेवले. तो निघून गेल्यावर थोड्या वेळाने बसस्टँडवरून फोन आला.

"बाबा, मी घरातल्या सपाता घालून आलोय."

"बुटांच्या दुकानदाराचा मुलगा मुलाखतीला सपातांवर!" सासरे कपाळाला हात लावून म्हणाले. "बस कधी सुटते?"

"आता लागेलच. लवकर या."

सासऱ्यांनी किल्ली घेतली. खोका सांभाळायला सून शेजारी बसली. स्टँड टेकडीपलीकडे होतं आणि महाराणी नेहमीच्या राजेशाही चालीने निघाली. चढ सुरू झाला तरी गिअर चौथाच. गाडी हादरायला लागली, कण्हायला लागली, आणि चढाच्या मध्यावर आचके देऊन बंद पडली. मागे टँकर थांबून हॉर्न वाजवू लागला.

"दमली बिचारी," सासरे घाम पुसत म्हणाले. "जरा थांबू या. तुम्ही घाबरू नका हं, सूनबाई."

सुनेच्या डोळ्यांसमोर नवरा आला, सपातांवर उभा, बसकडे बघत. या नोकरीसाठी त्याने पहिल्यांदाच एखादं काम उद्यावर ढकललं नव्हतं.

"बाबा, बाजूला व्हा," ती म्हणाली. "मी चालवते."

"अहो, पण हजार व्हायचेत अजून..."

"बाबा, बाजूला व्हा!"

दोन महिन्यांत तिने या घरात एवढ्या मोठ्याने शब्द काढला नव्हता. सासरे गडबडून उतरले, खोका मांडीवर घेऊन दुसऱ्या बाजूला बसले. तिने गाडी सुरू करून पहिला गिअर टाकला, मग दुसरा, आणि दुसऱ्यातच गाडीला मोकळं सोडलं. कण्हणं थांबलं. इंजिनाने खणखणीत आवाज दिला आणि महाराणी चढ चढू लागली. माथ्यावर एक ट्रॅक्टर पुढे लागला, तो तिने अलगद मागे टाकला. पुढच्या वळणावर तिने जरा जास्तच धीटपणे गाडी घेतली आणि खोका सासऱ्यांच्या हनुवटीवर आपटला.

"अगं ए वावटळ!" सासरे ओरडले. "डोळे फुटलेत का तुझे? मारतेस का मला?"

रस्ता एकदम धूसर झाला, म्हणून तिने घाईघाईने बाहीने डोळे पुसले आणि वेग कमी केला. सासऱ्यांना वाटलं, ओरडण्याचा परिणाम झाला. परिणाम झालाच होता.

ड्रायव्हर बस मागे घेत असतानाच उद्याच्या हातात खोका पडला. तो सपाता तिथेच टाकून अनवाणी बसमध्ये चढला आणि खिडकीतून हात हलवत गेला. सासऱ्यांचा जीव भांड्यात पडला. सपाता उचलताना त्यांना आपण काय बोलून बसलो ते आठवलं आणि ते कानकोंडे झाले.

"मघाशी मी जरा..." ते चाचरले.

"परत जाताना पण मीच चालवू?" तिने विचारलं.

सासऱ्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. ती ओठ दाबून हसू आवरत होती. बूट विकणाऱ्या माणसाला चेहरा बघून कळतं, कुठे टोचतंय आणि कुठे बसलंय.

"चालव," ते म्हणाले. "पण पुन्हा मला खोका मारलास तर टेम्पोतून माहेरी पाठवीन."

घरी हायकोर्ट दारातच उभ्या होत्या. "पोचले का बूट?"

"पोचले. या वावटळीने पोचवले. माझी हनुवटी बघ."

हायकोर्टनी हनुवटी बघितली, मग नवऱ्याकडे, मग सुनेकडे बघितलं. सगळा खटला त्यांना तिथल्या तिथे समजला. त्यांनी सगळ्यांना चहा दिला. चहा झाल्यावर सवयीने सासरे सुनेचा कप घ्यायला उठले, तेव्हा हायकोर्टनी डोळे वटारून त्यांना खाली बसवलं.

"वावटळ," त्या म्हणाल्या, "कप विसळून ठेव. माझाही घे. आणि तो जग नवा होता हं, सांगून ठेवते."

तिने दोन्ही कप घेतले आणि नळाखाली धरले. पुष्कळ वेळ विसळत राहिली.