ठवणीवर काय ठेवले होते

पाहुण्या बाई प्रसन्न होऊन गेल्या, तर चिटणीसांच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. शाळेच्या दारावर 'आदर्श संस्कार विद्यालय' अशी पाटी, सभागृहात त्या पाटीसोबतचा स्वतःचा फोटो, आणि पुतणीसाठी मोठ्या महाविद्यालयात राहून-जेवून शिकण्याची एकुलती एक जागा. या तिन्हींसाठी त्यांनी काय खर्ची घातले होते? हातभर लाल रेशमी कापड. मित्रांनो, ते कापड माझ्या अंगावर होते, म्हणून मला ठाऊक.

मी एक जुनी ठवणी आहे. वाचताना पोथी जिच्यावर उघडी ठेवतात, ती लाकडी घोडी. उघडली की फुलीसारखी उभी राहते, मिटली की साधी फळी होते. एका सुताराने मला सागाच्या एकाच तुकड्यातून कोरले. मुलींसाठी शाळा काढणाऱ्या बाई शेजारी उभ्या राहून त्याला सूचना देत होत्या.

"आणखी बुटकी कर," बाई म्हणाल्या.

"बाई, देवाची पोथी ठेवणार ना हिच्यावर? मग एवढी खाली?"

"देवाला वाकायची सवय आहे रे. मुलींच्या माना दुखतात."

तेव्हापासून बावीस वर्षे पोथी माझ्या मांडीवर होती. आत्मा म्हणजे काय, विद्या कशासाठी, भरसभेत उठून ज्ञानी पुरुषाला प्रश्न विचारणारी विदुषी कशी बोलते, असे सगळे तिच्यात होते. बाईंचा नियम एकच. वाचून झाल्यावर प्रत्येक मुलीने एक प्रश्न विचारायचा; त्याशिवाय पोथी मिटायची नाही. ज्या दिवशी प्रश्न सुचत नसे, त्या दिवशी जेवणाची घंटा होऊन गेली तरी वर्ग सुटत नसे. भुकेपोटी मुलींनी काय काय विचारले म्हणून सांगू! "आत्मा सगळीकडे आहे, तर तो परीक्षेत मला सांगत का नाही?" बाई पोट धरून हसत आणि मग उत्तरही देत. त्या म्हणत, आपल्याकडे विद्या प्रश्नातूनच उतरत आली आहे. मुलीच्या तोंडाला कुलूप लावून जे उरते तिला परंपरा म्हणू नका, ती फक्त सोय असते.

पोथीच्या कडा मुलींच्या बोटांनी काळवंडल्या. पण एका पानाला कधी कसर लागली नाही.

बाई गेल्या आणि चिटणीस आले. पांढरेशुभ्र कपडे, कपाळावर उभे गंध, आणि ओठांवर एक शब्द: सात्त्विक. त्यांचा चहा सात्त्विक, त्यांची खुर्ची सात्त्विक, दुपारची झोपसुद्धा सात्त्विक. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पोथी बघून नाक मुरडले.

"शी! किती हाताळली आहे. पोथी वाचायची नसते मुलींनो, पूजायची असते."

पोथी त्यांच्या कचेरीतल्या कपाटात कुलूपबंद झाली आणि मी मिटून त्या कपाटाशेजारी उभी राहिले. वर्गात त्यांनी स्वतः छापलेली आठ पानांची पुस्तिका आली. हळू बोलावे, आधी उठावे, शेवटी जेवावे, उलट विचारू नये. वर लिहिले होते, 'आपली थोर परंपरा'. मित्रांनो, बावीस वर्षांत असे एक पानही मी माझ्या मांडीवर पाहिले नव्हते. पण ठवणीची साक्ष कोण काढतो?

पाच वर्षांनी कुणा बड्या माणसाला पोथी दाखवायची म्हणून चिटणीसांनी कपाट उघडले. आत पोथी नव्हतीच. दोन पुठ्ठे होते आणि त्यांच्या मधे भुसा. वाळवी आपले काम संपवून केव्हाच निघून गेली होती. चिटणीसांनी नाकाला रुमाल लावला आणि शिपाईण मावशीला हाक मारली.

"हे केरात टाक. आणि कुणाजवळ बोलायचं नाही."

"सगळीच गेली का हो पोथी?"

"मावशी, तुला झाडायला ठेवलंय. चौकशीला नाही."

मावशी शाळेचीच. आवारातल्या कोपऱ्यातल्या खोलीत ती आणि तिची मुलगी राहत. तिला अक्षर येत नव्हते, तरी तिने तो भुसा सुपात भरताना आधी हात धुतले. हे मी पाहिले आहे.

दुसऱ्या दिवशी मला सभागृहात मांडले आणि माझ्यावर एक जाडजूड ग्रंथ आला, लाल रेशमात गुंडाळलेला, वर फूल. माप अगदी पोथीचेच. पण माझ्या मांडीला वजन कळते आणि लाकडाला कागदाची जात कळते. ती टेलिफोनची जुनी डिरेक्टरी होती.

मला शिसारी आली. चार वर्षे रोज सकाळी सव्वाशे मुली रांगेने येत आणि माझ्यापुढे डोके टेकवीत. कशापुढे? आडनावांनुसार लावलेल्या नंबरांपुढे. आणि चिटणीस रोज ते गाठोडे दोन्ही हातांनी उचलून डोळ्यांना लावत. न चुकता, डोळे मिटून. ढोंग लोकांसमोर करतात हे मला कळते. पण हा माणूस एकटा असतानाही ते डोळ्यांना लावायचा. त्याचाच मला जास्त वीट आला.

मावशीच्या मुलीला सगळे 'शंका' म्हणत. हे नाव बाईंनी ठेवलेले. बाईंच्या शेवटच्या वर्षी सात वर्षांची ही पोर सगळ्यांत पुढे बसायची आणि तिचा प्रश्न कधी संपायचाच नाही. आता ती सोळा वर्षांची होती आणि शाळेचे शेवटचे वर्ष चालले होते. महाविद्यालयाच्या मुख्य बाई एका मुलीची निवड करायला येणार, हे कळल्यापासून तिची झोप उडाली होती. ती जागा मिळाली तर पुढचे शिक्षण. नाही मिळाली तर आईच्या हातातला झाडू तिच्या हातात येणार, हे चिटणीसांनी आधीच सांगून ठेवले होते. तेही सात्त्विक स्वरात.

पाहुण्या आल्या त्या दिवशी चिटणीसांची पुतणी पहिल्या रांगेत मधोमध होती. शंकाला पाणी देण्याचे काम. मुलींनी वीस श्लोक धडाधड म्हणून दाखवले. पाहुण्या बाईंनी चष्मा काढून पुसला.

"पाठांतर छान. यातल्या शेवटच्या ओळीचा अर्थ कोण सांगेल?"

सगळी रांग पुतणीकडे वळली. पुतणी बिचारी काकांकडे बघू लागली.

"अर्थ सांगायचा नसतो, बाई," चिटणीस हसले. "अनुभवायचा असतो. हेच तर आमचं वैशिष्ट्य."

"बरं. मग समोरच्या पोथीतलं एखादं पान वाचून दाखवा. कुणीही."

"मी वाचते," दारातून आवाज आला. शंकाच्या हातात पाण्याचा तांब्या होता.

"तू नाही. तुझे हात ओले आहेत," चिटणीस घाईने म्हणाले.

"ओले म्हणजे धुतलेलेच की," पाहुण्या म्हणाल्या. "ये गं."

ती आली, माझ्यासमोर बसली. नऊ वर्षांनी तिची बोटे माझ्या कडेला लागली. तिने फूल बाजूला ठेवले, गाठ सोडली, रेशीम उलगडले. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत होते: अग्निशामक दल, रुग्णवाहिका, पोलीस.

सभागृहात कुणीतरी शिंकले.

चिटणीस किती चपळ असावेत! पापणी लवायच्या आत त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. "पाहिलंत? माझ्या पोथीची ही अवस्था. या मुलीचाच खोडसाळपणा. सभागृहाची किल्ली हिच्या आईकडे असते. मावशी, सांग बाईंना, तुझ्या मुलीनंच बदललं ना हे? खरं सांगितलंस तर मी दोघींना माफ करीन."

मावशी भिंतीला टेकून उभी होती. नोकरी त्या माणसाच्या हातात, डोक्यावरचे छप्पर त्याच्या हातात. 'हो' म्हटले की दोन्ही शाबूत; फक्त मुलीची जागा जाणार. तिने पदराने हात पुसले.

"पोथी वाळवीनं खाल्ली, बाई. यांच्या कपाटात. भुसा मीच केरात टाकला, यांनी सांगितलं म्हणून. हे लाल गाठोडं दुसऱ्या दिवशी यांनीच आणून ठेवलं. माझ्या पोरीनं आज पहिल्यांदा हात लावला."

चिटणीस काही बोलणार, तेवढ्यात पाहुण्या बाईंनी हात वर केला. त्या शंकाकडे वळल्या.

"पोथी नाही. पण तुला त्यातलं काही आठवतं का?"

"एक पान आठवतं. जो माझ्यात आहे तोच सगळ्यांत आहे, असं होतं त्यात."

"मग?"

"मग एक विचारायचं होतं. तो सगळ्यांत सारखाच असेल, तर श्लोक म्हणायला पुढे कुणी बसायचं आणि पाणी कुणी द्यायचं, हे कोण ठरवतं?"

पाहुण्या बाईंनी पेन उघडले. "हे खरं तर मीच इथल्या चिटणीसांना विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी कागदावर शंकाचे नाव लिहिले. मग चहा घेतला, बिस्कीट घेतले आणि गाडीत बसल्या. विदुषी होत्या, पण मावशीचे आता काय होणार, हे विचारायचे त्यांचे राहूनच गेले.

मित्रांनो, मी आता अडगळीत आहे. माझ्यावर फरशी पुसायचे फडके वाळत घालतात. त्याची मला घाण वाटत नाही. ते निदान आहे तेच दाखवते. तुम्हाला एकच सांगणे आहे. जे ज्ञान तुमच्या घरात मोठ्या आदराने झाकून ठेवले असेल, ते एकदा उघडून बघा. आणि मुलींच्या हातात द्या. मळू दे, कडा फाटू देत. बोटे लागत राहिली तर पुस्तकाला वाळवी लागत नाही.

बाकी त्या दिवसाचे सांगते. पाहुण्यांना विद्यार्थिनी मिळाली. शंकाला जागा मिळाली. पुतणीला श्लोकांतून सुट्टी मिळाली; ती मनातून खूशच होती. चिटणीसांचे काहीच गेले नाही. त्यांनी नवे रेशीम आणि बाजारातून नवी पोथी आणली, आणि तिलाही कुलूप घातले. महिना संपायच्या आत मावशीला खोली रिकामी करायला सांगितली. ज्या पोथीतले एक अक्षर तिला वाचता येत नव्हते, तिची सगळी किंमत तिने एकटीने मोजली.