हौसाची चिंधी

धामणकर नाक्यामागे केसरीनाथशेटच्या पॉवरलूम कारखान्यात हौसा कांड्या भरायची, म्हणजे विणायचं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळायची. कांड्या गरगर फिरवणाऱ्या आठ चात्यांवर एकदम नजर ठेवायची. एखादी कांडी जास्त भरली की ती मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात अडके, कापड फाटे आणि बोलणी हौसाला बसत.

एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तिने सायकलच्या चाकाच्या तारा वाकवून प्रत्येक चातीशेजारी एक बसवली. कांडी भरत आली की सूत तारेला ढकली आणि तारेवरची लाल चिंधी खाली पडे. चिंधी दिसली की कांडी काढायची. महिनाभरात कापड फाटायचं जवळजवळ थांबलं.

शेटने आधी चिंध्या बघून नाक मुरडलं होतं. आता तो येईल त्याला त्या दाखवू लागला. "डोकं चालवावं लागतं," एवढंच म्हणायचा. कोणाचं, ते सांगत नसे.

बातमी मुंबईच्या एका सरकारी कचेरीत पोचली. तिथले साहेब फाईल घेऊन आले. त्यांनी चिंधी चिमटीत धरली.

"कल्पना उत्तम आहे. पण हे तंत्रज्ञान दिसत नाही," साहेब म्हणाले. "चिंधीऐवजी विजेची घंटा हवी."

"सायेब, हितं मागांच्या खडखडाटात शेजारचा बोललेला ऐकू येत न्हाय," हौसा म्हणाली. "घंटा कुणाला ऐकू येनार?"

साहेबांनी शेटकडे पाहिलं. "ह्या बाई कोण?"

"कामाला हाय," शेट म्हणाला.

साहेबांनी 'संशोधक' या रकान्यात केसरीनाथांचं नाव लिहिलं.

सहा महिन्यांनी घंटा आल्या. चिंध्या काढून आठ चात्यांना आठ बसवल्या. त्याच दिवशी शेटला हार घालून प्रमाणपत्र दिलं. कळ दाबली, माग सुरू झाले. साहेब कान टवकारून उभे राहिले. कांड्या भरल्या, फुगल्या, सूत जमिनीवर लोळू लागलं. घंटा वाजत असाव्यात. शेवटी मागावरच्या राघोने हात हलवून सगळ्यांना माग बंद करायला लावले, तेव्हा आठही घंटा एकदम ऐकू आल्या. साहेबांनी फाईलमध्ये लिहिलं, 'घंटा समाधानकारक वाजतात.'

साहेब गेल्यावर शेट हौसाला म्हणाला, "परत त्या चिंध्या बांध."

"शोध तुमचा हाय ना शेट? तुमीच बांधा."

शेट दुपारभर खटपट करत बसला. तार एकदा जास्त वाके, एकदा कमी. बोट कापल्यावर त्याने नाद सोडला.

तोवर कशेळीच्या कारखानदार बाळारामने हौसाला बोलावणं धाडलं होतं. त्याला कांडीखात्यावर मुकादम हवी होती. बाई मुकादम ठेवल्याबद्दल लोक हसले, पण फाटकं कापड विकून तोही कंटाळला होता. सोमवारी हौसा तिकडे रुजू झाली. पहिल्याच दिवशी तिने सहा जणींना बसवून तार कुठे आणि किती वाकवायची ते शिकवलं. त्यातली कमळा म्हणाली, चिंधी पिवळी लावली तर अंधारात जास्त दिसंल. हौसाने ती लावून पाहिली. खरंच जास्त दिसत होती.

"ही कमळाची," तिने सगळ्यांना सांगितलं.