तलाववाला फ्लॅट

"आता सांगतो ते तुला खोटंच वाटणार," बाल्कनीतली खुर्ची पुढे सरकवत ड्रायव्हर म्हणाला. "पण या पोहायच्या तलावात उतरल्यापासून तुझी वहिनी चालत नाही, पळते! परवा लिफ्टशी शर्यत लावली. हरली बिचारी लिफ्ट."

कंडक्टर हसला. दोघांचा जन्म एकाच बसवर गेलेला. एक घंटी, थांब. दोन घंट्या, चल. याहून जास्त बोलायची गरज कधी पडली नव्हती.

"वहिनी, खरं का हो?"

"ते म्हणतात म्हणजे खरंच," आतून आवाज आला. कपबश्या मात्र येता येत नव्हत्या.

डॉक्टरांनी वहिनींना गुडघ्यांसाठी पाण्यात चालायला सांगितलं होतं. मुलाने तेवढंच धरलं. "बाबा, जुनं घर विकू. तलाववाला फ्लॅट भाड्याने घेऊ, आईचे पाय मोकळे होतील." निळ्या पाण्याचा फोटोही दाखवला. घर विकलं, पैसे घेऊन मुलगा दूरच्या शहरी गेला. फोटो खोटा नव्हता. याच बाल्कनीतून काढलेला होता. तलाव तेवढा शेजारच्या सोसायटीचा निघाला. ड्रायव्हरला हे सामान लावून झाल्यावर कळलं. मुलाला फोटो काढतानाच ठाऊक होतं.

पण चार लोकांत पोराचं नाव निघालं, तर ते चांगलंच निघायला हवं होतं.

"मग ऊठ की!" कंडक्टरने पिशवीतून टॉवेल काढला. "तयारीनं आलोय."

"आज नको. आज पाणी बदलतायत."

खालून पोरांचा धबाधबा उड्या मारल्याचा आवाज आला.

"आणि ही पोरं?"

"ती होय? पाणी ढवळायला ठेवलीत. पगारी आहेत."

कंडक्टर पोट धरून हसला. हसत हसतच कठड्यावरून वाकला. अलीकडे स्कूटरी, मग वर काचा रोवलेली उंच भिंत, पलीकडे पाणी. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याने नजर फिरवली आणि त्याचं हसू विरलं.

वहिनी चहा घेऊन आल्या. एका हातात ट्रे, दुसरा भिंतीवर.

"अरे, या वयात ही पाण्यात अशी सुळकन्..." ड्रायव्हरने पुन्हा सुरुवात केली.

"त्या भिंतीला दार नाहीये रे," कंडक्टर म्हणाला. "पोरानं फसवलं तुला."

आणि त्याने बोटाच्या पेराने कठड्यावर एकच टोला दिला.

ड्रायव्हरचा उजवा पाय फरशीवर हळूच दाबला गेला.