आईसाहेबांचा संधिवात

"आजार म्हणजे सूर्य! तो झाकून झाकत नाही. खरा आजारी माणूस वेशीपासून ओळखू येतो!" दूध संस्थेच्या सभेत चेअरमन विठ्ठलरावांनी हात उंचावून जाहीर केलं, आणि तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला. सभा हंडे घेऊन उठली आणि पळाली. हात तसाच वर राहिला.

दुष्काळात गावातलं दूध आटलं, तेव्हापासून संस्थेचा दुधाचा टँकर पाणी आणत होता. पाण्याला दुधाचा वास यायचा. चहाला दूध कमी लागतं, असं म्हणत लोक संस्थेचे आभार मानत.

मंडपात एकटी भिवराबाई उरली. बाईला सहकाराची केवढी तळमळ, म्हणून विठ्ठलराव गहिवरले. भिवराबाईचे गुडघे बसून बसून आखडले होते. ते कधी सुटतात, याची ती वाट बघत होती.

"चेअरमन साहेब, आजाऱ्याच्या दारात पाणी टाकायचं ठरलंय न्हवं? माजं नाव घ्या. माजा पोरगा आश्रुबा अन् सून उसतोडीला गेलेत. माज्या हातात हंडा ठरत न्हाई. संधिवात हाय."

"संधिवात?" विठ्ठलरावांचा चेहरा उजळला. "म्हंजी आईसाहेबांना हाय तोच?"

आईसाहेब संध्याकाळच्या मालिकेत होत्या. चाकाची खुर्ची, रेशमी शाल, गळ्यात मोती. दुखलं की एका डोळ्यातून एकच थेंब यायचा, तोही कॅमेऱ्याच्या बाजूच्या. आवाज कधी चढायचा नाही. संधिवाताविषयी गावाला जे काही ठाऊक होतं, ते सगळं आईसाहेबांनी शिकवलेलं.

"पाहणी करावी लागंल, मावशी," विठ्ठलराव म्हणाले. "नियम म्हंजी नियम."

पाहणीला ते भर दुपारी आले. सोबत संस्थेचा सचिव राधाकिशन, ज्याने मालिकेचा एकही भाग चुकवला नव्हता. भिवराबाई चुलीपुढे भाकरी थापत होती आणि पिठात तोंड घालणाऱ्या शेळीला शिव्या देत होती.

राधाकिशन दारातच थबकला. "काकू, आईसाहेब भाकरी थापत न्हाईत."

"त्यांच्याकडं सैपाकीण हाय, बाबा."

"आन् एवढ्या मोठ्यानं वरडत बी न्हाईत."

"त्यांच्याकडं शेळी न्हाई."

"पर दुखतंय कुठं? हात तर चांगले चालतेत."

"आता चालतेत. सकाळी बोटं उघडत न्हाईत, येणी घालता येत न्हाई. उन्हं वर आली का जरा मोकळी होतेत. सकाळी या."

ते सकाळी आले. नेमकी त्याच सकाळी बोटं सुतासारखी सरळ झाली होती. भिवराबाईने मुठी मिटून पाहिल्या, उघडून पाहिल्या. एरवी तिला आनंद झाला असता. आज तिला स्वतःच्या हातांचा राग आला. पाहुण्यांसमोर लेकराने नेमकं शहाण्यासारखं वागावं, तसे वागत होते मेले. तिने एक थेंब काढायचा प्रयत्न केला, तर शिंक आली.

विठ्ठलराव गोंधळले. "मावशी, तुमी आजारी हाव का न्हाईत?"

भिवराबाई विचारात पडली. हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. "हाय बी," ती म्हणाली, "आन् आज न्हाई बी. उद्याचं मला तरी काय म्हाईत?"

"असं चालत न्हाई, काकू," राधाकिशन म्हणाला. "एक तर खुर्चीत बसावं लागतं, न्हाई तर बरं व्हावं लागतं. मधी काही नसतं."

भिवराबाईने त्या दिवशी टँकरवरून अर्धा हंडा आणला. उरलेला वाटेत सांडला.

संध्याकाळी दोघे पुन्हा आले. खरं तर मालिकेच्या वेळेला तिच्याच गल्लीत लाईट असायची. तिघे टीव्हीपुढे बसले. आईसाहेबांचा परदेशातला मुलगा दारात उभा राहिला, वारा सुटला, देवघरातली घंटा आपोआप वाजली, आणि आईसाहेब खुर्चीतून ताडकन उठल्या. राधाकिशनने डोळे पुसले. भिवराबाई आईसाहेबांच्या गुडघ्यांकडे बघत राहिली. कडकन आवाजसुद्धा झाला नव्हता.

जाहिरात लागली. विठ्ठलरावांनी पडद्यावरची नजर भिवराबाईकडे वळवली. मग म्हणाले, "मावशी, आश्रुबा कधी येणार?"

"कारखाना बंद झाल्यावर. चैतात."

"झालं तर! पोरगा आला का संधिवात जातोय. चैतापोत्तर तुमी आजारी. घे रे राधाकिशन, उद्यापून दोन हंडे दारात."

भिवराबाईला हसावं की भांडावं कळेना. आश्रुबा इथे होता तेव्हाही दुखतच होतं, हे ओठांवर आलं. पण दोन हंडे डोळ्यांपुढे आले आणि तिने ते गिळलं.

चेअरमन साहेब गंभीरपणे उठले. सहकारामुळे आज एका माउलीला न्याय मिळाला, असं काहीतरी ते दारात उभं राहून बोलू लागले. भिवराबाईने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग उशाखालची प्लास्टिकची बाटली काढून पुढे केली.

"चेअरमन साहेब, जाता जाता गोळ्यांचं एवढं टोपण उघडून द्या. दुपारधरून उघडंना."