मेलेल्या फायलींचा रंग

"मले नोको जी ते काम," लखन इंगोले म्हणाला, आणि मालक दौलतरावांचा चहाचा कप ओठांपाशी जाता जाता थांबला.

वाशीमच्या त्या बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत मोठी मशीन सांभाळणारे जुने गृहस्थ नोकरी सोडून लेकीकडे चालले होते. मोठी मशीन म्हणजे आतल्या खोलीतला संगणक. गावोगावच्या सोयाबीन-तुरीच्या उगवणीचे अहवाल त्यात साठायचे. त्या खुर्चीवर लखनचा किती वर्षांपासून डोळा आहे, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. आता खुर्ची आपणहून समोर आली, तर हा गडी मागे सरकतो म्हणजे काय? मालकांनी कारण विचारलं, तेव्हा तब्येत बरी नसते असं काहीतरी तो पुटपुटला. तब्येतीला काय धाड भरली होती? रोज आसेगावहून मोटारसायकल हाणत यायचा.

खरं कारण वेगळंच होतं. लखनला लाल आणि हिरवा रंग सारखाच दिसायचा. मोठ्या मशीनवर चित्रं नव्हती की माऊसचं काम नव्हतं. काळ्या पडद्यावर कमांड लिहायची, की फायलींच्या नावांची रांग उतरायची. चालते प्रोग्रॅम हिरव्या अक्षरांत यायचे. ज्यांचं नुसतं नाव उरलं आणि मागची फाईल केव्हाच पुसली गेली, ती नावं लाल. लाल पुसायचं, हिरव्याला हात लावायचा नाही, एवढं साधं काम. लखनला मात्र सगळी रांग एकाच मातकट रंगाची दिसे. चुकून हिरवं पुसलं, तर ऐन पेरणीत अहवाल अडणार, या धास्तीने तो उचललेलं बोट परत मागे घ्यायचा.

तरी त्या गृहस्थांच्या रजेत त्या खुर्चीवर बसायची वेळ यायचीच. तेव्हा तो बेबीताईंना हाक मारी. बेबीताई म्हणजे उगवणीच्या ट्रेमध्ये पाणी शिंपडणाऱ्या बाई. लखन पडद्यावर बोट ठेवून मास्तरच्या तोऱ्यात विचारायचा, हे कोणत्या रंगाचं? बेबीताई सांगायच्या, लाल, म्हणजे मेलेली. हा भला माणूस आपल्याला कम्प्युटर शिकवतो आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. घरी सुनेसमोर त्या याचा तोराही मिरवत.

वर्षाराणी नवीनच कामाला लागली होती, इंझोरीची. तिने ही शिकवणी पाहिली होती. दुपारी डबा खाताना तिने सरळच विचारलं, "लखनभाऊ, तुमाले लाल-हिरवं समजत नाही का?"

लखनने हातातला घास परत डब्यात ठेवला. मग का कोण जाणे, त्याला हसू फुटलं आणि त्याने पोळ्याची गोष्ट सांगितली. शाळेत असताना वडिलांनी, म्हणजे उकंडरावांनी, बैलांची शिंगं रंगवायला दिली. याने प्रत्येक बैलाचं एक शिंग लाल रंगवलं, एक हिरवं, आणि सारखीच झाली समजून जोडी ऐटीत तोरणाखाली नेली. लोक हसायला लागले, तसं उकंडरावांनी मिशीवर हात फिरवून सांगितलं की ही नवी फॅशन आहे. पुढच्या वर्षी आसेगावात आणखी काही जोड्या तशाच सजल्या.

"बाबानं झाकलं, मंग मीबी झाकतच राह्यलो," लखन म्हणाला.

वर्षाराणी पोट धरून हसली आणि डबा अर्धाच ठेवून उठली. हे रंग काही दगडावर कोरलेले नाहीत, ती म्हणाली. नावांच्या रंगाच्या थीम इंटरनेटवर फुकट मिळतात, आणि लाल-हिरवं न समजणाऱ्यांसाठीही कुणीतरी केलेली असते. तिने शोधून ती फाईल उतरवली आणि मोठ्या मशीनवर लखनच्या खात्यात ठेवली. सेटिंगमध्ये एक ओळ वाढवायची होती, ती त्याच्याकडूनच लिहवून घेतली. लखनने कमांड दिली. रांग उतरली, तीच मातकट. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. वर्षाराणीने कपाळावर हात मारला. जुनी खिडकी बंद करून नवी उघडायची राहिली होती.

नवी उघडली. चालते प्रोग्रॅम निळे आणि मेलेली नावं हळदीसारखी पिवळी. लखन बघतच राहिला. रांग वर नेली, खाली आणली, पुन्हा वर नेली. आनंद त्याच्या अंगात मावेना, म्हणून उठून त्याने उगाचच पंखा मोठा केला.

"हे तं दिसून राह्यलं वो," तो म्हणाला.

चहाच्या वेळी सगळे जमले होते. तब्येत सुधारली असं सांगून लखनला निभावता आलं असतं. पण तो दौलतरावांसमोर जाऊन उभा राहिला. "मले लाल-हिरवं समजत नाही जी, जन्मापासून. म्हनून नाही म्हनलो. आता रंग बदलून घेतले. ते काम मीच करतो."

दौलतरावांनी कप खाली ठेवला. मग एवढंच म्हणाले, "लेका, आधी सांगतलं असतं त आधीच बदलले असते," आणि आतल्या खोलीची किल्ली त्याच्याकडे सरकवली.

दारात बेबीताई झारी घेऊन उभ्या होत्या. "म्हंजे तुमी मले शिकवत नव्हते?"

लखनची मान खाली गेली.

"नाही ताई. तुमीच मले दाखवत होत्या. तुमच्या डोयानं म्या काम केलं."

बेबीताई झारी खाली ठेवून आतल्या खोलीत गेल्या आणि पडद्यावरच्या एका पिवळ्या नावावर त्यांनी बोट टेकवलं.

"ही मेलेली?"

"हो."

"बरं. आज घरी सांगा लागते, आमच्या हापिसात रंग बदलला," त्या म्हणाल्या, आणि झारी उचलून पुन्हा ट्रेकडे गेल्या.